कातळकोंडचा निळा बाळकृष्ण

गोकुळाष्टमीच्या सकाळी कातळकोंडात शिरणारा रस्ता गाड्यांनी तुंबला होता. पार नाटे गावापासून माणसं आली होती. पाऊस भुरभुरत होता आणि छत्र्यांची रांग माझ्या भावाच्या फाटकातून बाहेर पडून देवळापर्यंत गेली होती. अंगणात मांडव, मांडवात फुलांनी मढवलेला पाळणा, आणि पाळण्यात माझ्या भावाचा नातू, तीन महिन्यांचा वेद. त्याच्या डोक्याला मोरपीस बांधलं होतं. ओठ निळे होते, नखं निळी होती, गालांवर राखाडी झाक होती. लोक एकेक करून पुढे येत होते आणि त्या पायांवर डोकं टेकत होते.

"रंग बघ गो," माझ्या पुढची बाई सुनेला म्हणाली. "शाईत बुडवून काढल्यासारखा. दुसरा कोन असनार?"

पाळण्याशेजारी चौरंगावर कान्हानंद महाराज बसला होता. त्याला अहोजाहो करायची माझी तयारी नाही. कोण कुठला ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण महिन्याभरात त्याला ओवाळायला बायका पहाटे उठू लागल्या होत्या.

"भगवंताला मेघश्याम का म्हणतात?" तो माईकवर सांगत होता. "रंग, बाबांनो, रंग. बारा वर्षं आम्ही हिमालयात या रंगाची वाट पाहिली. ध्यानात हा रंग दिसला आणि आम्ही तसेच अनवाणी निघालो."

फाटकाबाहेर त्याची पांढरी वातानुकूलित गाडी उभी होती. तीही बहुधा हिमालयातून अनवाणीच आली असावी.

मग त्यानं काचेची सुरई मागवली. चेल्यानं विहिरीचं म्हणून गढूळसर पाणी आणलं. महाराजानं बाळाच्या पायाचा अंगठा त्यात बुडवला, चांदीच्या अत्तरदाणीतून 'वृंदावनाचं केशर' म्हणून तपकिरी थेंब टाकले, आणि सुरईतलं पाणी लोकांच्या डोळ्यांसमोर गर्द निळं झालं. मांडवात एकच जयजयकार उठला. एक म्हातारा रडायला लागला. लोकांनी बरोबर आणलेल्या बाटल्या वर केल्या. ज्या विहिरीच्या पाण्यानं हा बाळकृष्ण वाढला, त्या विहिरीचं तीर्थ घरी न्यायचं, घरातल्या तान्ह्यांना पाजायचं, म्हणजे त्यांच्यावरही कृपा होईल, असं महाराजानं सांगितलं होतं.

मी नम्रता. रत्नागिरीत एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. दत्तात्रेय माझा थोरला भाऊ, आमचा दादा. हापूसची मोठी बाग त्याची. त्याचा मुलगा विनीत मुंबईत नोकरीला, आणि सून शमिका बाळंतपणानंतर इथेच राहिलेली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. ती कुजबुजत बोलत होती.

"आत्या, तुम्ही याल का? याचे ओठ मला बरे वाटत नाहीत. घरात सगळे म्हणतात देव आलाय. पण हा पीतच नाही नीट."

"दूध अंगावरचंच ना?"

"नाही. मला ताप आला होता ना, तेव्हा आटलं. पावडरचं देते. विहिरीच्या पाण्यातलं."

मी काही सांगायच्या आत तिनं घाईनं फोन ठेवला, आणि मग तो लागलाच नाही. पहाटेच्या पहिल्या एसटीनं मी निघाले, आणि शाळेतला पाणी तपासायचा संच पिशवीत टाकला.

रांग सोडून मी सरळ पाळण्याशी गेले. वेदचा हात हातात घेतला. गार होता. तळपाय चोळले, तरी तो रडला नाही. शमिका पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"काल रात्रीपासून रडलाच नाहीये," ती म्हणाली. "महाराज म्हणाले, समाधी लागलीय."

मी आयुष्यात खूप वेळा चिडले आहे, पण तो शब्द ऐकून जे झालं ते वेगळं होतं. मी तिथूनच आरोग्य केंद्राच्या डॉक्टर दिशाला फोन लावला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. बाळाचं वय, रंग, पावडरचं दूध आणि विहीर एवढं ऐकलं आणि म्हणाली, "बाई, मी रुग्णवाहिका घेऊनच निघते. तोवर त्याला त्या पाण्याचा थेंब देऊ नका."

दादा लगबगीनं आला. नवं रेशमी धोतर, कपाळावर गंध, चेहऱ्यावर असं समाधान जे मी वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"नमू, आधी पाया पड. मग काय ते बोल."

"दादा, मूल गुदमरतंय. डॉक्टर येतेय."

"अगो, देवाला डॉक्टर? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते तो जगला तर ऐकता येईल."

"तुझं हे नेहमीचंच," तो आवाज खाली आणून म्हणाला. "शिकलीस म्हणून सगळं कळतं तुला. महाराज आल्यापासून बघ. कलमं कशी काळीभोर हिरवी झालीत. तळ्याचं पाणी हिरवंगार झालं. आषाढात मासे वर आले, तेव्हा महाराज म्हणाले, कालियाचं विष बाहेर पडतंय. आणि आता घरात हा. सगळं जुळतंय, नमू."

सगळं जुळत होतं, हे खरं. त्याला वाटत होतं तसं नव्हे, एवढंच.

डॉक्टर दिशा पोचली तेव्हा चेल्यांनी तिला फाटकातच अडवलं. मी आरडाओरडा केला, शमिका धावत गेली, तेव्हा कुठे वाट मिळाली. दिशानं बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला आणि लगेच प्राणवायूचा मास्क चढवला. आम्ही बघत राहिलो. ओठांचा रंग तसाच.

"प्राणवायू देऊनही रंग फिरत नाही," ती मला म्हणाली. "म्हणजे फुप्फुसाचं नाही, रक्ताचं आहे. मला एक थेंब घ्यावा लागेल."

"सुई लावायची नाही," महाराज माईक हातात धरूनच गरजला. "भगवंताच्या देहाला सुई?"

दिशा शमिकाकडे वळली. "आई तुम्ही आहात. तुम्ही सांगा."

शमिकानं सासऱ्याकडे पाहिलं नाही. "टोचा," ती म्हणाली.

दिशानं टाचेतून थेंब काढून पांढऱ्या कागदावर टेकवला. मग दुसऱ्या सुईनं स्वतःचं बोट टोचलं आणि शेजारी तो थेंब ठेवला. दोन्हींवर कागदानं वारा घातला. तिचा थेंब लालभडक. बाळाचा चॉकलेटच्या रंगाचा, आणि कितीही वारा घातला तरी तसाच. तिनं तो कागद उंच धरला. पुढच्या रांगेतली माणसं मान लांब करून बघू लागली.

"हे रक्त प्राणवायू धरू शकत नाही," दिशा म्हणाली. "विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त झालं आणि ते तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की असं होतं. आत्ता रत्नागिरीला नेलं तर औषध आहे. उशीर केला तर नाही."

क्षणभर मला वाटलं, झालं, आता लोक समजले. पण महाराज त्या धंद्यात मुरलेला होता. तो हसला.

"बाबांनो, पाहिलंत? डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सिद्ध केलं. देवाचं रक्त माणसासारखं कसं असेल?"

आणि माना हलल्या. खरंच हलल्या. "व्हय, व्हय," असं कोणी तरी म्हणालंही. पुरावा डोळ्यांसमोर धरला होता, आणि त्या माणसानं एका वाक्यात त्याचाच हार करून स्वतःच्या गळ्यात घातला होता.

तेवढ्यात मांडवाच्या खांबाजवळून एक बाई पुढे आली. तुळसा. खालच्या वाडीतली, दादाच्या बागेत कामाला येणारी. तिला एवढ्या माणसांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"दादानू," ती भावाला म्हणाली, "माझी पोर अशीच गेली. दोन वर्सा झाली. ओठ असेच, नखा अशीच. मी बागेत कामावर यायची, म्हातारी तिला वरचा दूध पाजायची, याच विहिरीचा पानी घालून. तवा कोनी पाळना नाय बांधला. तुमीच बोललाव, बाहेरची बाधा झाली, नारळ उतरव. मी उतरवला. सासूनं मलाच पांढऱ्या पायाची ठरवली." तिचा आवाज चढला नाही. "पोरगी निळी झाली ती बाधा, आनि पोरगा निळा झाला तो देव. ह्यो कसला न्याय तुमचा?"

महाराजानं तोंड उघडलं, पण तुळसानं त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. ती दादाकडे बघत होती, आणि दादा जमिनीकडे.

शमिकानं वाकून वेदला उचललं. मोरपीस ओढून काढलं आणि खाली टाकलं. दादा आडवा आला, म्हणजे सवयीनंच आला असावा.

"शमिका, अशी भर मांडवातून—"

"बाबा, बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. गर्दीही झाली. तुंबलेल्या गाड्यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचं दार लावताना दिशा मला म्हणाली, "बाई, तुम्ही इथे थांबा. त्या बाटल्या घरोघर जाता कामा नयेत. एखाद्या तान्ह्याला पाजलं तर?"

गाडी गेली. मला तिच्यात बसायचं होतं. मी वळले आणि मांडवात परत आले.

महाराज सावरला होता. "भगवंतानं लीला आवरली," तो सांगत होता. "पण तीर्थ इथेच आहे. रंग इथेच आहे."

"मग पुन्हा दाखवा," मी म्हणाले. "मी स्वतः विहिरीतून पाणी आणते."

तो नको म्हणेपर्यंत मी कळशी घेऊन निघाले होते. आणलेलं पाणी सगळ्यांसमोर पेल्यात ओतलं. अत्तरदाणी चौरंगावरच होती. मी ती उचलली, तेव्हा चेला माझ्या अंगावर धावला. पण मघा रांगेत माझ्या पुढे असलेल्या बाईनं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "बघू दे की," ती म्हणाली. "देव हाय तर घाबरतोस कशाला?"

केशराचे थेंब पेल्यात पडले. पाणी पिवळट झालं. निळं नाही.

मग मी दादाच्या स्वयंपाकघरात गेले. चुलीवर सकाळची पेज होती. चमचाभर पेज पेलाभर पाण्यात ढवळली, बाहेर आणली आणि तेच थेंब टाकले. गर्द निळं. अगदी मघासारखं.

"हा कुठला अवतार?" मी विचारलं. "पेजेचा? भाताच्या पाण्यात पिष्ट असतं. त्यात आयोडीन पडलं की ते निळं होतं. हे केशर नाही, जखमेवर लावायचं टिंक्चर आहे, वास घेऊन बघा. सुरईतलं पाणी गढूळ होतं ते त्यात आधीच पेज कालवलेली म्हणून. सातवीतली मुलं हा प्रयोग करतात, आणि त्यांना कोणी ओवाळत नाही."

अत्तरदाणी हातोहात फिरली. पहिला कोणी तरी हसला, पण ते हसणं पसरलं नाही. माणसं लाजली होती, आणि लाजलेली माणसं पटकन चिडतात. म्हातारा, जो मघा रडला होता, त्यानं आपली बाटली चौरंगासमोर ओतली आणि थुंकला. मी लोकांना आवरलं. अंगाला हात लावायचा नाही, म्हटलं. याचं काय करायचं ते पोलीस ठरवतील, कायदा आहे त्यासाठी. महाराज गाडीत बसून निसटू पाहत होता, पण रस्ता भक्तांच्याच गाड्यांनी अडलेला होता.

"पण मूल निळा कशान झाला?" तुळसानं विचारलं. तिला सुरईत रस नव्हता.

"चल, दाखवते," मी म्हणाले. ती आली, आणि मागून बाकीचे.

विहीर घरामागे, उताराच्या पायथ्याशी. वर कातळ, त्यावर दादाची कलमं. नायट्रेट तपासायची पट्टी मी विहिरीच्या पाण्यात बुडवून काढली. ती हळूहळू गुलाबी होत होत डब्यावरच्या शेवटच्या, सगळ्यात गडद रंगापाशी जाऊन पोचली. मग मी वर बोट दाखवलं. विहिरीच्या नेमकं वर, उघड्यावर, कोंबडखताचा डोंगर रचलेला होता. पावसाचं पाणी त्यातून चहासारखं होऊन खाली झिरपत होतं. बाजूला युरियाच्या रिकाम्या गोण्या.

"जांभ्या दगडाला किती भोकं असतात ते तुम्हाला मी सांगायला नको," मी म्हणाले. "पाणी चाळणीतून जावं तसं आत जातं. आणि युरियाचं आणि कोंबडखताचं नत्र मातीत मुरलं की त्याचं नायट्रेट होतं. ते पाण्यात विरघळतं. ना वास, ना चव, ना रंग. मोठ्या माणसाचं पोट ते सोसतं. तान्ह्याचं नाही. त्याच्या पोटात त्याचं विष होतं आणि रक्तातलं लोह बिघडतं. बाळ श्वास घेत राहतं आणि आतून गुदमरत जातं."

"आमी पानी उकळून घेतो ना," एकीनं म्हटलं.

"जंतू मरतील. हे मरत नाही. उलट पाणी आटतं आणि हे तेवढंच राहतं, म्हणजे आणखी दाट होतं." बोलता बोलता मला काही तरी सुचलं आणि मी दादाकडे वळले. तोही मागून आला होता. "दादा, बाळाचं पाणी कसं उकळत होता?"

तो विहिरीत डोकावला.

"महाराज म्हणाले, निम्मं होईपर्यंत आटवा. म्हणजे तीर्थाला तेज येतं."

तुळसा विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. माझ्या तोंडून त्या वेळी जे शब्द गेले ते मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी दादा आणि मी रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचलो. शमिका खुर्चीवर बसली होती आणि वेद तिच्या मांडीवर रडत होता. चांगला, टाहो फोडून रडत होता. ओठ गुलाबी. डॉक्टरांनी शिरेतून मिथिलीन ब्लू नावाचं औषध दिलं होतं, आणि तासाभरातच रंग फिरला होता. विनीत मुंबईहून निघाला होता. त्याला फोनवर काय सांगायचं ते शमिकानं ठरवून टाकलं होतं: वेद त्या घरात परत जाईल तो नळाचं तपासलेलं पाणी आल्यावर.

दादा बाहेरच्या बाकावर बसला. मी त्याच्याशेजारी.

"मी काय वाईट केलं गो?" तो म्हणाला. "झाडांना खायलाच तर घातलं."

"भुकेपेक्षा जास्त घातलंस. तू जेवायला बसलास आणि मी तुझ्या तोंडात तिप्पट भात कोंबला तर? झाडानं हवं ते घेतलं, उरलेलं विहिरीत गेलं, तळ्यात गेलं. तळ्यात शेवाळ माजलं, मग ते कुजलं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन बसलं. मासे गुदमरून वर आले. कालियाबिलिया कोणी नव्हता, दादा. आणि ती तुझी काळीभोर कलमं. गेल्या थंडीत मोहोर किती आला?"

"नाय आला. पालवीच फुटत राहिली. तुडतुड्यांची कीड पण भरपूर."

"नत्र जास्त झालं की तसंच होतं. झाड पानांनी माजतं आणि फळायचं विसरतं. नत्र वाईट नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळजवळ चार पंचमांश तेच असतं. त्याच्याशिवाय भाताची पात हिरवी होत नाही. पण त्याचा तोल तू बिघडवलास, आणि जे जे बिघडलं त्याला तो भामटा देवाचं एकेक नाव देत गेला. तुला ते आवडलं, कारण त्यात तुझी चूक कुठेच नव्हती."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. कीव मी तुळसासाठी राखून ठेवली होती.

"तिची मुलगी," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी तिला नारळ उतरवायला सांगितलं."

"हो."

मी त्याचं सांत्वन केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटा खालच्या वाडीत गेला. तुळसानं त्याला ओसरीवर बसू दिलं नाही, आणि ते तिनं बरंच केलं. तो उभ्यानं बोलला आणि परत आला. त्याच आठवड्यात कोंबडखताचा ढीग विहिरीच्या वरून हलला आणि लांब, पक्क्या जमिनीवर, छपराखाली गेला. माती तपासून मगच खत घालायचं त्यानं कबूल केलं. विहिरीवर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी लागली, लाल रंगात. पोलिसांत तक्रार तुळसानं दिली, शमिकानं दिली, मीही दिली. कान्हानंद जामिनावर सुटला, आणि ऐकते की दुसऱ्या तालुक्यात सांगत फिरतोय, बाळ वाचलं ते त्यानं आपलं पुण्य खर्ची घातलं म्हणून. तिथेही त्याला ऐकणारे भेटले असतील.

म्हणूनच हे लिहिलं. कोणाचा देव काढून घ्यायची मला हौस नाही. तुम्ही देवळात जा, पाळणा म्हणा, सुंठवडा वाटा. पण तान्ह्याचे ओठ निळे दिसले तर हात जोडू नका. त्या हातांनी मूल उचला आणि डॉक्टरकडे पळत सुटा. विहिरीचं पाणी बाळाला देण्याआधी तपासून घ्या. ग्रामपंचायतीला विचारा, शाळेला विचारा, नाही म्हणाले तर भांडा. खत घालताना माती काय मागतेय ते आधी बघा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा, आता माझ्या पाण्यानं, माझ्या पेल्यात, माझ्यासमोर पुन्हा करून दाखव.

तुळसाच्या मुलीचं लांबलेलं बारसं व्हायचं होतं. तिला मारलं ते बाधेनं नाही आणि करणीनंही नाही. खतानं बिघडलेल्या पाण्यानं तिला आजारी केलं. मारलं ते आपण सगळ्यांनी, कारण ती निळी पडत असताना एकानंही विचारलं नाही की हे असं का होतंय.